लंगोट खुंटीला टांगल्यावर

१९६२ साली महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन धुळ्यात भरलं. महाराष्ट्र राज्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि हा किताब तर त्याहूनही कोवळा होता. आदल्याच वर्षी औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले होते. धुळ्यात तो मान भगवान मोरे यांना मिळाला. १९६६ ला अधिवेशन जळगावात आलं, तिथं दीनानाथसिंह जिंकले. १९७७ ला पाळी चाळीसगावची होती. त्या वर्षी किताब कोणालाच मिळाला नाही. मानकऱ्यांच्या यादीत चाळीसगावपुढची जागा आजही मोकळी आहे.

ही यादी गावोगावच्या तालमींत भिंतीवर रंगवलेली असते. पोरं ती पाठ म्हणतात. कोणी कोणाला कोणत्या डावावर चीत केलं, किती मिनिटांत केलं, ढाक होती की घिस्सा, हे सगळं म्हातारी माणसं आजही हातवारे करून सांगतात. यादीत एक रकाना मात्र कधीच नसतो. या माणसाचं पुढं काय झालं? पैलवानाचं अंग फार तर तिशीच्या आसपासपर्यंत साथ देतं. त्यानंतर गुडघे बोलायला लागतात, खुराक बंद करावा लागतो, आणि खुराकावर वाढलेलं शरीर बसून राहिलं की सुटत जातं. आयुष्य मात्र अजून अर्धं बाकी असतं. त्या अर्ध्यासाठी पैलवानाच्या वतीनं कोण बोललं, कोणी शब्द टाकला, कोणी पैसे उभे केले, यावरच बहुतेकांचं नशीब ठरत आलं आहे. खानदेशातल्या पैलवानाच्या वाट्याला असं बोलणारं माणूस फार उशिरा आलं. त्याचं कारण कुस्तीत नाही, इतिहासात आहे.

कुस्तीला पोसलं ते दरबारांनी. कोल्हापूरला शाहू महाराजांनी रोमचं जुनं रंगमंडल पाहून आल्यावर खासबागेचं मैदान बांधायला घेतलं आणि ते १९१२ मध्ये उभं राहिलं. पण मैदानापेक्षा मोठी गोष्ट होती ती तालमींना मिळणारी नेमणूक. पैलवान दरबाराचा माणूस होता. त्याच्या दुधातुपाची, बदामाची सोय कोठीतून व्हायची आणि उतारवयात तो त्याच तालमीत वस्ताद होऊन बसायचा. सांगली, मिरज, औंध, बडोदा, इंदूर, प्रत्येक संस्थानाची ऐपत वेगळी, पण पद्धत हीच. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा माणिकराव चालवत होते आणि त्यांना राजरत्न ही पदवी गायकवाडांनीच दिली.

खानदेशात असा दरबार उरलाच नव्हता. पेशवाई बुडाली तसा १८१८ पासून हा मुलूख थेट कंपनी सरकारच्या हाती गेला. पुढं १९०६ ला त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचं ठाणं धुळे, पूर्वेचं जळगाव. कलेक्टर होता, भिल्ल पलटण होती, कापसाच्या गिरण्या आल्या, रेल्वेचे फाटे आले. राजा मात्र नव्हता. गंमत म्हणजे बडोद्याचे सयाजीराव जन्मले ते मालेगावजवळच्या कवळाण्याला, म्हणजे खानदेशच्या उंबऱ्यावरच. पण त्यांचा आश्रय तापी ओलांडून गुजरातेत गेला. त्यामुळं इथल्या पैलवानाचा पोशिंदा एकच राहिला, तो म्हणजे यात्रा.

चैत्र-वैशाखात, कापूस विकून हातात चार पैसे आलेले असतात तेव्हा, गावोगाव यात्रा भरतात आणि त्यातल्या एका दुपारी आम दंगल होते. पंचमंडळी वर्गणी काढतात. सुरुवात नारळावरच्या कुस्त्यांनी होते, ती लहान पोरांची. मग रक्कम चढत जाते आणि शेवटची मानाची कुस्ती दिवेलागणीला लागते. बऱ्हाणपूर, मालेगाव, येवला अशा तालमींच्या गावांहून पैलवान येतात. ठरलेल्या जोड्या थोड्या, बाकीच्या तिथंच फडात लागतात. पोरगा लंगोट लावून फिरतो, शड्डू ठोकतो, समोरून कोणी हात दिला की पंच रक्कम पुकारतात.

त्या पोराची बाजू मांडतो तो वस्ताद. कोणाशी धरायचं, कोणाशी नाही, ही रक्कम कमी आहे, तो पैलवान वजनानं जास्त आहे, आमचं पोरगं परवाच दुसऱ्या गावाला लढून आलंय, असं सगळं तोच बोलतो. जगात इतरत्र ज्याला खेळाडूचा एजंट म्हणतात त्याचं निम्मं काम वस्ताद करत आला आहे. फरक एवढाच की त्याला त्यात टक्का नसतो. पंच त्याला फेटा बांधतात, नारळ देतात, कधी शे-पाचशे रुपये हातावर ठेवतात. करार नाही, कागद नाही, पुढच्या वर्षीची हमी नाही. ही व्यवस्था निर्मळ आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं खरंही आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे. वस्तादाचा मान पोरगा लढतो तोवर असतो, आणि पोरगा लढायचा थांबल्यावर त्याच्यासाठी बोलायला वस्तादाकडं कोणाचीच ओळख नसते. त्याची ओळख फडापुरती.

खराखुरा टक्केवारीवाला एजंट भारतीय कुस्तीत एकदा येऊन गेला होता, तोही फार लवकर. १९१० मध्ये आर. बी. बेंजामिन नावाच्या माणसानं गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष आणि आणखी दोघांना लंडनला नेलं. पैसा शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकानं लावला होता. गामा उंचीनं साधारण साडेपाच फुटांच्या वर थोडासाच. तिथल्या नामांकित मल्लांच्या यादीत त्याला घ्यायलाच कोणी तयार होईना. तेव्हा बेंजामिननं आव्हानांचा धडाका लावला, वर्तमानपत्रं हाताशी धरली, आणि शेवटी डॉक्टर रोलर या अमेरिकन मल्लाला गामानं सहज पाडल्यावर रस्ता मोकळा झाला. १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोशी गाठ पडली. झिबिस्को अडीच तासांहून जास्त वेळ पोटावर पडून राहिला आणि कुस्ती निकालाविना सुटली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं होतं, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

बेंजामिननं गामाचं नाव जगात नेलं हे खरं, पण त्याचा करार त्या दौऱ्यापुरता. नंतर गामा आपल्या पंजाबात परतला आणि त्याला सांभाळलं ते पतियाळाच्या महाराजांनी. १९२८ मध्ये त्यांनीच झिबिस्कोला पतियाळात बोलावून पुन्हा कुस्ती लावली, ती मिनिटाच्या आतच संपली. मग फाळणी झाली, संस्थानं गेली, गामा लाहोरात राहिला आणि म्हातारपणी औषधपाण्याची ओढाताण झाली. भारतातून घनश्यामदास बिर्लांनी दोन हजार रुपये आणि दरमहा तीनशेची नेमणूक पाठवली. १९६० मध्ये गामा गेला. पन्नास वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी लंडनची वर्तमानपत्रं पानं राखून ठेवत, त्याच्या शेवटच्या आधारांपैकी एक सीमेपलीकडच्या एका शेटजीची मनीऑर्डर होती.

महाराष्ट्रातही संस्थानं विलीन झाली. कोल्हापूर १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात आलं. त्याच्या आदल्या वर्षी खाशाबा जाधव नावाचा कराडजवळच्या गोळेश्वरचा पोरगा कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं लंडन ऑलिंपिकला जाऊन आला होता आणि सहावा आला होता. त्यापुढच्या हेलसिंकीच्या वेळी महाराज पहिल्यासारखे राहिले नव्हते. सरकारकडून मिळालं ते पुरेसं नव्हतं. गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

१९५२ च्या जुलैमध्ये खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पाव तासाच्या वाटेला सात तास लागले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते आणि माझ्या दृष्टीनं तीच महत्त्वाची. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यांत स्वतः लढले, जिंकले, आणि ते पैसे प्राचार्यांना नेऊन दिले, घर सोडवायला. म्हणजे पदक जिंकलेल्या माणसाची पहिली कमाई स्वतःच्या मध्यस्थाचं कर्ज फेडण्यात गेली. खर्डेकरांना त्यातून एक पैसा मिळवायचा नव्हता. म्हणूनच हा व्यवहार पवित्र वाटतो, आणि म्हणूनच तो पुन्हा कोणाच्या बाबतीत घडेल अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही. दरवेळी घर गहाण टाकणारा प्राचार्य कुठून आणायचा?

१९५५ मध्ये खाशाबा पोलिसांत फौजदार झाले. पुढं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं नोकरी. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, शिपायांना कुस्ती शिकवली, निवृत्त होताना सहायक पोलीस आयुक्त होते. पण पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्यामागं, २००० सालचा. तरीही महाराष्ट्राच्या कुस्तीत खाशाबांच्या त्या खाकी कपड्यांनी एक पायंडा पाडला. पैलवानानं लंगोट खुंटीला टांगला की अंगावर काय चढवायचं, याचं एक उत्तर गावोगावच्या आईबापांना सापडलं. राजा गेला होता, पण पोलीस खातं होतं आणि त्यात पगार होता, क्वार्टर होती, पेन्शन होतं. मिळायला त्रास झाला तरी होतं.

इथं थोडं बाहेर पाहिलं की आपल्या गोष्टीचं वेगळेपण कळतं. १४ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत बोस्टनमध्ये तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूंचा वार्षिक ‘ऑल-स्टार’ सामना होता. टीव्हीवर मुख्य वेळेत दाखवला जाणार होता, म्हणजे मालकांच्या दृष्टीनं केवढी संधी. सामन्याच्या आधी बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, विल्ट चेंबरलेन अशी त्या काळातली सगळी बडी मंडळी कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिली आणि पेन्शनचा शब्द मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही म्हणाली. एका संघमालकानं दाराशी येऊन धमकावलं, त्याचा उलटाच परिणाम झाला. लीगच्या प्रमुखांनी शब्द दिला, तेव्हाच खेळ सुरू झाला. या सगळ्यामागं लॅरी फ्लायशर नावाचा वकील होता. खेळाडूंच्या संघटनेचा तो सल्लागार आणि पुढं अनेक खेळाडूंचा एजंटही. तिथं आज एजंटला संघटनेकडं नोंदणी करावी लागते, त्याच्या टक्केवारीवर संघटनेनं मर्यादा घातलेली आहे, आणि निवृत्त खेळाडूला पेन्शन आहे. खेळाडू मोठा झाला तर एजंटही मोठा होतो, खेळाडू बुडाला तर त्याचंही नुकसान. त्यामुळं बोलणाऱ्याला बोलण्याची गरज असते.

त्याच १९६४ मध्ये महाराष्ट्र केसरी अमरावतीला झाला आणि गणपत खेडकर जिंकले. तिथल्या फडात पैलवानांनी असं अडून बसणं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. कोणासमोर अडायचं? मालकच नव्हता. यात्रेच्या पंचांसमोर? ते तर गावचेच लोक, वर्गणी काढून पैसे आणणारे. कुस्तीत पैसा इतका विखुरलेला होता की हक्क सांगायला समोर एक माणूस सापडत नव्हता.

पश्चिम महाराष्ट्रात ही पोकळी काही प्रमाणात साखर कारखान्यांनी भरली. दरबार गेले तिथं चेअरमन आले. कागलच्या शाहू कारखान्यानं मल्लांना मानधनावर घ्यायची पद्धत चालवली, इतरांनीही कमीअधिक तेच केलं. आणि ज्यांचं नाव मोठं होतं त्यांनी स्वतःच दुसरा डाव मांडला. १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवणारे दादू चौगुले कोल्हापुरात वस्ताद झाले, त्यांचा मुलगा विनोदही महाराष्ट्र केसरी झाला. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत बसले आणि त्यांच्या हाताखाली काका पवार आणि राहुल आवारे तयार झाले. पवारांनी पुढं कात्रजला आपलं कुस्ती संकुल काढलं आणि आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकून पोलीस उपअधीक्षक झाले. गुरूला आपली दुसरी कारकीर्द तालमीत सापडली, शिष्याला खात्यात. ही साखळी पाहिली की एक गोष्ट उघड दिसते. तालीम पुण्यात किंवा कोल्हापुरात असेल तरच साखळी जुळते.

मधल्या काळात क्रिकेटनं एजंट नावाची गोष्ट महाराष्ट्राच्या घराघरात पोचवली. सुनील गावसकरांनी सुमेध शहांबरोबर १९८५ मध्ये खेळाडूंचं काम पाहणारी कंपनी काढली. दहा वर्षांनी मार्क मस्करेन्हासनं सचिन तेंडुलकरशी करार केला आणि त्यातल्या आकड्यांनी सगळ्यांचे डोळे विस्फारले. क्रिकेटपटू निवृत्त झाला तरी त्याचं नाव विकलं जात राहतं, हे तेव्हा लोकांना समजलं. कुस्तीला या वाऱ्याची झुळूकही लागली नाही. पैलवानाचं नाव साबणावर किंवा बिस्किटावर कोणी छापलं नाही. फार तर दुधाच्या डेअरीच्या कॅलेंडरवर गदा खांद्यावर घेतलेला फोटो, तोही बहुधा फुकट.

खानदेशात कारखाने होते, पण कुस्तीचा चेअरमन इथं तयार झाला नाही. गिरण्या होत्या त्या एकेक करून थंडावल्या. त्यामुळं इथल्या होतकरू पोराला एकच वाट, सामान बांधून बाहेर जाणं. जेवणाचा डबा नाही, नातेवाईक नाहीत, घरून महिन्याला येतील तेवढ्या पैशांवर खुराक. कापसाचा भाव पडला की तालमीतलं दूध पातळ होतं. अशी किती पोरं दोन-तीन वर्षांत परत आली, त्यांची नोंद कुठल्याच भिंतीवर नाही.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी याच वाटेनं पुण्याला गेले. कात्रजच्या मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुलात हिंदकेसरी रोहित पटेल यांनी त्यांना तयार केलं. २०१४ मध्ये अहमदनगरला सचिन येलभरला हरवून ते महाराष्ट्र केसरी झाले. ज्या तालुक्यात सदतीस वर्षांपूर्वी अधिवेशन होऊनही किताब ठरला नव्हता, त्याच तालुक्यात चांदीची गदा आली. ती गदा मोहोळ कुटुंबीय मामासाहेबांच्या स्मरणार्थ देतात. राज्य कुस्तीगीर परिषद उभी करण्यात मामासाहेबांचा मोठा वाटा होता. २०१५ चं अधिवेशन नागपूरला झालं, तिथं विक्रांत जाधव समोर होते, निकाल तोच. २०१६ ला पुण्यात वारज्याला अभिजित कटके. तिसरी गदा. सलग तीन वर्षांचा असा पराक्रम त्यांच्याआधी फक्त नरसिंग यादवांनी केला होता, २०११ ते २०१३.

आणि इथं गोष्ट कुस्तीवरून नोकरीवर आली. नरसिंग यादव पोलीस उपअधीक्षक झालेले होते. मग विजय का नाही, हा प्रश्न खानदेशातून जोरात विचारला जाऊ लागला. पेपरांत आला, सभांत आला, आमदारांच्या तोंडी आला. गंमत बघा, चौधरींचा कोणी एजंट नव्हता, पण एजंटाचं जे काम असतं, म्हणजे माणसाच्या कामगिरीची किंमत बाजारात मांडणं आणि मागचा दाखला पुढं करणं, ते एका अख्ख्या भागानं मिळून केलं. बाजार एकच होता, मंत्रालय. तिसऱ्या गदेनंतर देवेंद्र फडणवीसांच्या सरकारनं चौधरींना थेट पोलीस उपअधीक्षक म्हणून घेतलं.

या थेट नेमणुकांवर टीका करणाऱ्यांचा एक मुद्दा बरोबर आहे. राज्यानं २००५ च्या शासन निर्णयानं सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण दिलं, २०१६ मध्ये त्याचे नियम बदलले. तो दरवाजा नियमाचा आहे: प्रमाणपत्र तपासलं जातं, परीक्षा द्यावी लागते, रांग असते. थेट नेमणुकीचा दरवाजा मात्र आवाजावर उघडतो. ज्याच्या मागं तालुका उभा राहतो, पेपर उभे राहतात, त्याचं काम होतं. ज्याचा खेळ लोकांना माहीत नाही, त्याचं होत नाही. पण खानदेशापुरतं म्हणायचं तर, जवळजवळ दोनशे वर्षं दरबाराविना काढलेल्या मुलखाला आपला आवाज वापरायची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यानं तो वापरला. मला त्यात गैर दिसत नाही. गैर आहे ते हे, की तीन गदा लागतात.

दोन गदा असल्या तर? सांगलीचे चंद्रहार पाटील २००७ आणि २००८ चे महाराष्ट्र केसरी. त्यांनी आपली दुसरी कारकीर्द राजकारणात शोधली. २०२४ ला ते सांगलीतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. एक गदा असली तर बक्षीस मिळतं, आणि ते आता पूर्वीसारखं किरकोळ नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला जिंकलेल्या शिवराज राक्षेंना जीप आणि पाच लाख रोख मिळाले. त्याच मैदानावर सरकारनं जुन्या किताबी मल्लांचं आणि वयोवृद्ध खेळाडूंचं मासिक मानधन सुमारे तिपटीनं वाढवण्याची घोषणा केली. ज्यांची नावं भिंतीवर आहेत त्यांच्यासाठी हे चांगलं झालं. पण उपांत्य फेरीत हरलेला, पंधरा वर्षं यात्रा गाजवलेला, दंगलीच्या मानाच्या कुस्तीत अर्धा डझन गावांची नावं राखलेला पैलवान या कोणत्याच हिशेबात बसत नाही. तो आता त्याच यात्रेत पंच म्हणून पुढच्या रांगेत बसतो, रुमालानं घाम पुसतो आणि नव्या पोरांच्या जोड्या लावतो. गावाच्या दृष्टीनं हा मोठा मान आहे. त्याचं पोट शेतीवर चालतं.

खासगी पैशांनी कुस्तीकडं पाहिलं नाही असंही नाही. कबड्डीच्या लीगचं यश पाहून २०१५ मध्ये देशपातळीवर कुस्तीची लीग निघाली, लिलाव झाले. २०१८ मध्ये एका मराठी वाहिनीनं पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्रापुरती लीग भरवली. सहा संघ होते: पुणे, कोल्हापूर, सातारा, मुंबई, मराठवाडा, विदर्भ. खानदेशच्या नावानं संघ नव्हता. तेव्हा सलग तीन गदांचा मानकरी याच भागातला होता, हे लक्षात घेतलं की ते आणखी बोचतं. पण संघ विकत घ्यायला मालक लागतो आणि इथं तो नव्हता, एवढंच त्याचं कारण. दरबार नव्हता, चेअरमन नव्हता, मग फ्रँचायझी कुठून येणार?

तालुक्याच्या गावी आता भल्या पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात, त्यांतली निम्मी तालमीतली असतात. कोणी सोळाशे मीटरची वेळ मोजतं, कोणी गोळा फेकतं. भरतीची तयारी. जुन्या वस्तादांना हे रुचत नाही. पोरगं मातीत कमी आणि मैदानावर जास्त दिसतं, अशी त्यांची तक्रार असते, आणि कुस्तीच्या बाजूनं ती रास्त आहे. पोरांच्या बाजूनं पाहिलं तर पाच टक्क्यांतला शिपाई होणं हे गदेपेक्षा शक्य कोटीतलं आहे, आणि त्यासाठी कोणाचा शब्द लागत नाही, प्रमाणपत्र आणि परीक्षा लागते.

विजय चौधरींनी खात्यात गेल्यावरही लंगोट सोडला नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस आणि अग्निशमन दलांच्या स्पर्धा झाल्या, तिथं जगभरातले पोलीस आणि अग्निशमन दलांचे जवान उतरतात. चौधरींनी वजनदार गटात सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धेत उतरायची पहिली अट नोकरी ही आहे, आणि जायला खात्याची परवानगी लागते.